तुले जड, ते माले दे

धुळ्यात देवपुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी काही वाचणारी माणसं जमतात. त्या वर्षी त्यांनी ठरवलं होतं की लहानपणी ऐकलेल्या, पण कुठे छापून न आलेल्या गोष्टींचं एक छोटं पुस्तक काढायचं. ज्याने त्याने आपली गोष्ट आणायची, वाचून दाखवायची, मग त्यावर बोलायचं. तोवर आलेल्या गोष्टी निरुपद्रवी होत्या. लबाड कोल्हा, बोरं राखणारी म्हातारी, दोन बायकांचा नवरा. मग सुलक्षणाची पाळी आली.

सुलक्षणा पोस्टातून निवृत्त झालेली. माहेर पारोळ्याकडचं, बोरी नदीच्या काठी. तिने आणलेली गोष्ट तिला तिच्या आईने, सुंदरबाईने, सांगितली होती. एकदा नव्हे, शाळेत जायला लागेपर्यंत जवळजवळ रोज.

गोष्ट अशी. दुष्काळ पडलेला असतो. बाप दाणे आणायला दूर गेलेला. घरात आई, एक मुलगी, एक मुलगा. एके दिवशी खांद्यावर पोतं टाकून एक म्हातारी दारात येते. म्हणते, "माय, तुले जे जड व्हयनं, ते माले दे." आईकडे कोंबडीला टाकायला दाणा नसतो. ती कोंबडी देते. दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा येते. शेळीला पाला नसतो, शेळी जाते. मग गाय जाते. मग अंगणात काहीच उरत नाही. म्हातारी पुन्हा येते आणि रिकाम्या अंगणाकडे न बघता घरात बघते. "तुले जड, ते माले दे." आई मुलाकडे बघते. मग मुलीकडे बघते.

म्हातारी मुलीला पोत्यात घालते, तोंडाला गाठ मारते आणि निघते. गल्लीच्या टोकावरून आवाज येतो, "माय वं, गाठ सोड." आई दार लावते आणि जात्यावर बसते. जात्यात घालायला दाणा नसतो. ती रिकामंच जातं ओढते, जोरात. मुलगा विचारतो, "माय, कोन बोली ऱ्हायनं?" आई म्हणते, "जातं बोली ऱ्हायनं. तू झोप." ती ओढत राहते, ओढत राहते, आणि मग रिकाम्या जात्यातून पीठ पडायला लागतं. पांढरंशुभ्र. आई त्याची भाकरी करते, मुलाला वाढते. हे कशाचं पीठ आहे, मुलगा विचारतो. "कसानं पीठ शे, माय?"

"खाय आनि झोप."

इथे गोष्ट संपायची. सुलक्षणाने कागद खाली ठेवला.

पहिल्यांदा बोलले जीवराम सर. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. "हे मुलांच्या पुस्तकात घालता येणार नाही," ते म्हणाले. "शेवट तरी बदला. बाप परत येतो, म्हातारीला पकडतो, असं काहीतरी."

ललित कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याला गोष्ट फार आवडली. त्याच्या मते ही सरळसरळ दुष्काळाची आठवण होती. पोटाला काही नसलं की माणसं पिठात काय वाटेल ते मिसळत, दगडाची भुकटीसुद्धा. जात्यातून पडणारं पीठ म्हणजे तेच. म्हातारी म्हणजे साथ, नाहीतर भूक स्वतः. दुसऱ्या कोणी म्हणालं, की हे लहानपणी लग्न करून दिलेल्या मुलींबद्दल आहे, पोतं म्हणजे सासर. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुलक्षणाही डोलावत होती. हे सगळं तिला पटण्यासारखं वाटत होतं, आणि आपल्याशी फारसा संबंध नसलेलं.

रूपल सगळ्यांत लहान. तिच्या सासरचं आग्रा रोडला कापडाचं दुकान. घरी लहान मुलगा. ती म्हणाली, "मला तर म्हातारीची भीतीच वाटली नाही. म्हातारी रोज विचारते, घेऊन जाते, तिचं काय. भीती आईची वाटते." मग तिने सुलक्षणाला विचारलं, "मावशी, तुमच्या आईने तुमच्या भावंडांनाही अशीच सांगितली होती का?"

"भाऊ एकच मला, अमृत. त्यालाही हीच."

"बहीण नाही?"

सुलक्षणा म्हणाली, "आहे," आणि मग, "वरणगावला असते."

ही बहीण म्हणजे कमल. सगळ्यांत थोरली. सुलक्षणा जन्मायच्या आधीच तिला सुनंदाआत्याला दिलेलं होतं. आत्याचा नवरा वरणगावच्या फॅक्टरीत कामाला होता, पोटी मूल नव्हतं. घरात हे लपवलेलं नव्हतं, फक्त कोणी त्याबद्दल बोलत नसे. कमल आत्याला आई म्हणायची आणि जन्मदात्या आईला मामी. लग्नाकार्यात भेट व्हायची, एकमेकींच्या मुलांची चौकशी व्हायची. सुलक्षणा तिला अक्का म्हणायची, पण आतेबहिणीला म्हणावं तसं. ती आपली सख्खी बहीण आहे हे तिला ठाऊक होतं. आपलं रक्त कोणत्या गटाचं आहे हे ठाऊक असतं, तसं.

घरी येऊन तिने अमृतला फोन लावला. तो अजून गावीच राहायचा. तिने विचारलं, मायची ती पोत्यावाल्या म्हातारीची गोष्ट कमलअक्का घरी असतानाही होती का, की नंतरची?

"माले काय माहीत," अमृत म्हणाला. "मी कितला व्हतू तवय." मग म्हणाला, "अक्का गयी ना, तवय जेवाले मी तिना पाटवर बसनू. तेवढं आठवस. काब्रं इचारस?"

"असंच," ती म्हणाली.

त्या आठवड्यात ती एसटीने भुसावळला गेली आणि तिथून रिक्षाने वरणगावला. येते म्हणून कळवलं होतं, कारण सांगितलं नव्हतं.

कमल आत्याच्याच घरात राहायची. नवरा वारला होता, मुली सासरी होत्या. गुडघे दुखायचे म्हणून पलंगावर पाय लांब करून बसलेली. तिची बोली पूर्वेकडची, लेवा पाटलांच्या गल्लीत वाढल्याने तशीच झालेली. एका आईच्या दोन मुली, पण एकीचं बोलणं ऐकून दुसरीचं गाव सांगता आलं नसतं.

"काहून आली बाई एकटीच? सारं बरं आहे ना?"

सुलक्षणाने आधी चहा घेतला. मग पुस्तकाचं सांगितलं, रविवारच्या मंडळींचं सांगितलं, आणि विचारलं, "अक्का, तुला मायने कधी पोत्यावाल्या म्हातारीची गोष्ट सांगितली होती?"

"मामीनं? हो तं. तुले जड, ते माले दे." कमल हसली. "इतक्या वर्षांनी ते काढलं?"

"शेवट आठवतो?"

"आठवते ना. पोरगी पोतं कुरतडते. दातानं. भोक पडते तं पळून येते घरी. दार वाजवते. माय दार उघडते, पोरीले कडेवर घेते. संपली."

"आणि जातं?"

"कोणतं जातं?"

"रिकामं जातं ओढते ती. पीठ पडतं."

"नाही बाई. जातं-बितं काही नव्हतं."

कमल बोलत राहिली. त्या गोष्टीपायी आईला फार त्रास दिला मी, ती म्हणाली. आई म्हणजे सुनंदाबाई. "मले इथं आणलं तं मले वाटलं हीच ती म्हातारी. हिच्या हातचं खायचं नाही. अन् रोज गोधडी कुरतडायची. पोरगी पोतं कुरतडून घरी गेली ना, तसं. आई सकाळी उठून ठिगळ लावे, मी पुन्हा कुरतडे. शेवटी तिनं विचारलं, काय गं असं करते. मी तिले सारी गोष्ट सांगितली."

"मग?"

"मंग ती म्हणे, तुले अर्धीच माहीत आहे. म्हातारीनं पयल्या झाडाखाली पोतं खाली ठेवलं अन् आपल्या हातानंच गाठ सोडली. म्हणे, बाई, हा रस्ता तुझ्या घराचा अन् हा माझ्या घराचा. तुले जिकडं जायचं तिकडं जा. माझ्याकडं खिचडी आहे."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हणलं, घराचा." कमलने पायावरची चादर सारखी केली. "तं ती मले खरंच घेऊन गेली. तुमच्या गावाले."

हे सुलक्षणाने कधीच ऐकलेलं नव्हतं. घरात कोणी बोललं नव्हतं, आत्याही नाही.

आत्या तिला घेऊन दुपारी गावात उतरली, कमल सांगत होती. दार लोटलेलं होतं. रुपचंदमामा, म्हणजे सुलक्षणाचे वडील, शेतात. आतून जात्याचा आवाज येत होता. आत्याने हाक मारली, "वहिनी, कमलले आणलं." जातं थांबलं नाही. आत्याने पुन्हा हाक मारली. कमलनेही मारली. मग आत्याने दाराला हात लावला आणि काय वाटलं कोणास ठाऊक, मागे घेतला. म्हणाली, तिला ऐकू जात नाही, दळणात आहे. दोघी शेजारच्या ओट्यावर बसून राहिल्या. कोणीतरी पाणी दिलं. आत जातं चालूच होतं. ऊन उतरल्यावर मिळेल त्या गाडीने त्या परत आल्या.

"त्यानंतर मी गोधडी नाही कुरतडली," कमल म्हणाली.

आपण काय घेऊन आलो आहोत हे तिला आत्ता कळलं होतं. तिला वाटलं, गोष्टीचं उरलेलं सांगू नये, विषय बदलावा. पण जात्याचं आधीच बोलून झालं होतं, आणि कमल बावळट नव्हती.

"तुले तिनं कशी सांगितली?" कमलने विचारलं. "ते जात्याचं सांग बरं."

सुलक्षणाने सांगितली. कागद पर्समध्ये होता, पण तो काढला नाही. आईने सांगितली होती तशीच, अहिराणीत सांगितली. गल्लीच्या टोकावरचा आवाज, रिकामं जातं, "जातं बोली ऱ्हायनं, तू झोप." कमल खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"ऐकू आलं होतं तर," ती शेवटी म्हणाली.

सुलक्षणाने रिकामे कप एकात एक ठेवले.

"मले आजवर वाटे, नसंल ऐकू गेलं. दळणात असते बाई. दोन-तीन हाकांनी कुठं ऐकू जाते." ती सुलक्षणाकडे वळली. "अन् ही गोष्ट तिनं तुले किती वेळा सांगितली?"

"रोज. मी म्हणायचे, दुसरी सांग. ती म्हणायची, माले हाईच येस."

"रोज," कमल म्हणाली.

मग तिने पदराने डोळे पुसले. फार नाही, घाम पुसावा तसे. "मामी गेली तवा मी आली होती," ती म्हणाली. "तिच्या पायाशी बसली होती. सारे रडत होते अन् मले रडू येत नव्हतं. लोक म्हणत, भाची आहे, भाचीले किती रडू येणार." सुलक्षणाने तिचा हात धरला. तो बराच वेळ तसाच राहिला. मग कमल म्हणाली, "ऊठ, भाताचं बघ. मले उभं राहवत नाही."

दोघींनी जेवण केलं. जेवताना मुलींच्या सासरचं, गुडघ्यांच्या ऑपरेशनचं बोलणं झालं. निघताना सुलक्षणा वाकून पाया पडली. आतेबहिणीच्या ती कधी पडली नव्हती.

पुढच्या महिन्याच्या रविवारी तिने मंडळींना कमलची गोष्ट वाचून दाखवली, पोतं कुरतडणाऱ्या मुलीची, आणि मग सुनंदाआत्याचा शेवट. जात्याची गोष्ट पुस्तकात घेऊ नका, ती म्हणाली. ललितला वाईट वाटलं. तीच तर खरी, बाकीच्या दोन्ही सौम्य करून घेतलेल्या, असं त्याचं म्हणणं पडलं. निदान तळटीप तरी द्या, कोणती आधीची, कोणती नंतरची.

"तिन्ही खऱ्या आहेत," सुलक्षणा म्हणाली. "जात्याची मात्र मुलांना सांगायची नव्हती."

"मग तुमच्या आईने तुम्हाला का सांगितली?" जीवराम सरांनी विचारलं.

तिला उत्तर देता आलं असतं. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. रूपलने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढची गोष्ट कोणाची आहे ते विचारलं.

अमृतला मात्र तिने सगळं सांगितलं, फोनवर नाही, गावी जाऊन. तो ओसरीत बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर उठून गोठ्याकडे गेला, बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला, "आखाजी कवय शे?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. सुलक्षणा दरवर्षी यायची, अमृत किंवा त्याचा मुलगा तिला घ्यायला जायचा. कमलला कधी कोणी घ्यायला गेलं नव्हतं. तिचं माहेर वरणगावलाच, आणि ती राहायचीही वरणगावला. तिच्या आखाजीला तिच्याच मुली यायच्या.

या वेळी अमृत स्वतः गेला, भाच्याची गाडी घेऊन. कमलने आधी नाही म्हटलं. माझ्या पोरी येतील, घर उघडं कसं टाकू. मग म्हणाली, एक रात्र. संडास पाश्चात्त्य आहे का, हेही विचारून घेतलं. अमृत म्हणाला, करी लिधा. तो त्याने महिन्याभरापूर्वीच करून घेतला होता.

अमृतच्या बायकोने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस केला. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका कमलला बघायला आल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, सुंदरबाईचं नाक घेतलंय हिनं. कमल म्हणाली, असंल. जेवायला बसताना अमृतने तिच्यासाठी खुर्ची मांडली, आणि ती काही म्हणायच्या आत आपणही खाली न बसता शेजारी खुर्ची ओढली. संध्याकाळी अंगणात पोरींचा झोका चालला होता. सुलक्षणा आणि कमल कडेला बसून गाणी ऐकत होत्या. एका गाण्याचे शब्द दोघींना वेगवेगळे ठाऊक होते, त्यावर थोडा वाद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कमलने पिशवी भरली. मुली दुपारपर्यंत वरणगावला पोहोचणार होत्या. अमृत गाडी काढायला निघाला, तेव्हा तिने त्याला थांबवलं.

"पुढच्या वर्षी तू येऊ नको घ्यायले," ती म्हणाली. "इतक्या लांब. माझा जावई आणून सोडंल."