टिपूस

"सख्खी भैन गेली आन् डोळ्यात टिपूस न्हाई!" आक्काबाई आत्या भर बायकांत म्हणाल्या आणि माझी बायको गोजर मान खाली घालून बसली.

तिच्या थोरल्या बहिणीच्या, साळूबाईच्या मयताला आम्ही बेलापूरहून श्रीगोंद्याला गेलो होतो. जिनं कडेवर घेऊन वाढवलं, तिच्यासाठी गोजरला रडता येईना. कारण मला ठाऊक होतं. वर्षभर काचबिंदूचं औषध चालू होतं, दिवसातून चार वेळा. थेंब पडला की झोंबायचा, कपाळ ठणकायचं. अलीकडे तर डोळे असे कोरडे पडले होते, की वाळू गेल्यासारखे खुपायचे. पण बायकांच्या गराड्यात तोंड उघडायची या शाळामास्तराची काय टाप! गप्प बसलो. अजून त्याची लाज वाटते.

घरी आल्यावर तिनं औषधच सोडलं.

"तेरावा हुईस्तवर न्हाई घालायची. तितं तरी मला रडू द्या."

"अगं, नजर जाईल! गेलेली परत येत नाही म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडतात."

"जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मी नगर गाठलं. डॉक्टर म्हणाले, त्या औषधानं डोळे कोरडे पडतात हे खरं, पण ते थांबवायचं नाही. कोरडेपणावर त्यांनी आणखी एक बाटली दिली. ती मी ऐटीत गोजरपुढे धरली.

"याला कृत्रिम अश्रू म्हणतात."

मास्तरकीची खोड! नाव सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

"म्हंजी खोटी आसवं? ती घालून भैनीच्या तेराव्याला बसू व्हय?"

दोन्ही बाटल्या फळीवर गेल्या.

तेराव्याला बायका पुन्हा जमल्या. औषध सोडूनही गोजरला रडू फुटलं नाही. लालबुंद, कोरड्या डोळ्यांनी ती भिंतीकडे बघत बसली. मला ते बघवेना. रीतभात बाजूला ठेवून मी बायकांत शिरलो, निघताना फळीवरून उचललेली काचबिंदूची बाटली खिशातून काढली, तिची हनुवटी वर केली आणि डाव्या डोळ्यात थेंब सोडला. तिनं अडवलं नाही. औषध गालावर ओघळलं.

"आलं बाई एकदाचं पानी!" आक्काबाई आत्या म्हणाल्या.

गोजरनं पदरानं गाल पुसला. "न्हाई आत्याबाई. औषध हाय त्ये. मला रडूच येत न्हाई."

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, गोजरजवळ येऊन बसल्या आणि तिला पोटाशी धरलं.

"न्हाई येत तर ऱ्हाऊ दे, पोरी. तुज्या वाटचं मी रडते."

आणि म्हातारी खरंच रडली, हुंदके देऊन. मी बाटली हातात धरून तसाच उभा होतो. थोड्या वेळानं आत्यांच्या खांद्यावरून गोजरनं तोंड वर केलं.

"आवं," ती म्हणाली, "दुसरा डोळा ऱ्हायलाय."