पाकिटावरची सुरुची

आम्हा पाठारे प्रभूंचा परभी सांबारमसाला सुरुचीला मीच शिकवला, फणसवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात. ही माझी धाकटी जाऊ बोरिवलीला राहायला गेली आणि तिथल्या मार्टमध्ये तोच मसाला विकायला लागली. पाकिटावर फोटो तिचा एकटीचा, गळ्यात सासूबाईंचा तन्मणी!

पुढे त्या मार्टवाल्यांनी परळलाही दुकान काढलं. मी बघायला गेले, तर नजरेसमोरच्या फळीवर सुरुची ओळीने हसत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी सगळी पाकिटं उचलली आणि तळाच्या फळीवर, मिठाच्या पिशव्यांमागे कोंबली. मग तो नेमच झाला. दर मंगळवारी जायचं, अर्धा किलो रवा घ्यायचा आणि हिला मिठामागे घालायचं.

महिन्याभराने तिचा फोन आला. "वहिनी, बोरिवलीत मसाल्याला कुत्रंही विचारत नाही, पण परळची फळी दर मंगळवारी रिकामी होते! रिकामी दिसली की ते लगेच नवा माल मागवतात. आता त्यांच्या सगळ्या अकरा दुकानांत ठेवणार म्हणतात. मला एकटीला नाही हो झेपणार. तुम्ही याल जोडीला? पाकिटावर दोघींचा फोटो टाकू."

मिठामागची पाकिटं आठवून मला ठसकाच लागला. तिला वाटलं, मला गहिवरून आलं.

"वहिनी?"

"येईन गं," मी म्हटलं. "पण फोटोत पुढे कोण उभं राहणार?"