फाटकावरची खोली

शाळेतून निवृत्त झाल्यावर चित्रकलेच्या बाईंना रिकामा वेळ खायला उठला, तेव्हा त्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबात जाऊ लागल्या. जुन्या गोदामाच्या माडीवर वीस फुटी टेबलावर रूळ पसरलेले. दाताचे डॉक्टर तिथे प्लास्टरचे डोंगर करत. जबड्यांपेक्षा डोंगर बरे, कण्हत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही काय कराल, असं सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, फाटक.

त्यांचे वडील फाटकवाले होते. रुळालगतच्या एका खोलीत चौघांचा संसार. बाई सहा वर्षांच्या असताना एका दुपारी फाटक उघडं राहिलं आणि दूधवाल्याच्या गाडीला इंजिनाची धडक बसली. माणूस वाचला, पण पाय गेला. वडिलांची नोकरीही गेली. वळणावरच्या झाडामुळे गाडी दिसलीच नाही, असं त्यांनी चौकशीत सांगितलं आणि मरेपर्यंत तेच सांगितलं. बाईंनी जन्मभर त्या झाडाच्या आणि ते न तोडणाऱ्या साहेबांच्या नावानं बोटं मोडली.

मापं त्यांनी आईकडून घेतली. आई ऐंशी उलटलेली, पण डोळे मिटून तिनं सगळं सांगितलं: दारापासून फाटक अकरा पावलं, खिडकी छातीइतकी उंच, झाड वळणाच्या अलीकडे की पलीकडे. क्लबातल्या गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, म्हणून बाईंनी प्रत्येक माप सत्त्याऐंशीनं भागलं. पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या, तारेला पीळ देऊन झाड केलं, त्यावर रंगवलेला भुसा चिकटवला. दोन महिने गेले.

मग डॉक्टरांचा तोंडात घालायचा आरसा त्यांनी छोट्या खिडकीमागे धरला आणि गाडी सोडायला सांगितली. गाडी वळणावर आली. क्षणभर झाडाआड गेली, पुन्हा बाहेर आली, आणि फाटकापर्यंत सगळा वेळ आरशात दिसत राहिली. बाईंनी तीनदा गाडी सोडायला लावली.

सेक्रेटरी म्हणाले, झाड दोन बोटं पुढे घ्या, खोलीला शोभा येईल. तिथे त्यानं गाडी पुरती झाकली असती. बाईंचा हात बुंध्याकडे गेला. डिंक अजून ओला होता.

"नको," त्या म्हणाल्या. "ते तिथेच होतं."

घरी आई चादरीच्या घड्या घालत होती.

"आई, खिडकीतून गाडी दिसते."

"दिसतेच."

"मग मला मापं खरी का दिलीस?"

"तू विचारलीस म्हणून. आता या वयात कुणासाठी खोटं बोलू?"

मग तिनं सांगितलं. बदलीचा माणूस दोन दिवस आला नव्हता. वडील सलग जागे होते, त्या दुपारी भिंतीला टेकले आणि डोळा लागला. त्यांना खरं सांगायचं होतं. "मीच म्हटलं, झाडाचं नाव घ्या. पदरात दोन लेकरं होती."

त्यानंतर वडील दुपारी कधी आडवे झाले नव्हते. बाईंना ती शिस्त वाटायची, आणि त्यांनी ती आपल्या मुलांनाही लावली होती. त्यांना रडू आलं नाही, रागच आला.

"आणि दूधवाल्याचं काय?"

"दर महिन्याला जायचे त्याच्याकडे. खरं सांगितलं की नाही, मी कधी विचारलं नाही." आईनं पुढची चादर उचलली. "तो गेला. मुलगा तिथेच असतो, दुकान आहे त्याचं."

बाईंनी चादरीचं दुसरं टोक धरलं, आणि दोघींनी मिळून घडी घातली.

"रविवारी जाऊ," बाई म्हणाल्या. "तू बोलायचंस. मी सोबत असेन."

आईनं मान डोलावली, आणि बस किती वाजता सुटते ते विचारलं.