मामांची शिस्त

बुटांची डिझाइनं काढणाऱ्या मामांना घरी बसवायचं पत्र मालकीणबाईंनी टाइप करून ठेवलं होतं, फक्त सही राहिली होती. मामांच्या संगणकावरून दर सात मिनिटांनी एक फाइल अनोळखी पत्त्यावर जात होती.

नेटवर्कची राखण माझ्याकडे. मी आठवड्याच्या नोंदी काढल्या आणि मला हसूच आवरेना.

"बाई, या मामांच्या फाइली नव्हेत. प्रत्येक फाइल एकदाच गेलीय, तीही पहिल्या झटक्यात बरोबर. मामा आधी रिकामी पाठवतात, मग चुकीची, मग तिसरी 'हीच घ्या' म्हणून."

मी त्यातली एक उघडून दाखवली. आत बूट नव्हता, आमच्या सगळ्या संगणकांची यादी होती. मामांच्या डिझाइनांच्या गर्दीत कुणी घुसखोर आपले निरोप सरकवत होता.

"पोरी, मला वाचवतेयस की माझी अब्रू काढतेयस?" मामांनी विचारलं.

"एका दगडात दोन्ही, मामा."

मी तो पत्ता अडवला, मामांचा संगणक नेटवर्कमधून काढला. बाईंनी पत्र फाडलं.

तासाभरात मामांनी दुसऱ्या संगणकावरून माझ्याविरुद्ध लेखी तक्रार पाठवली. बाईंनी फाइल उघडली. ती रिकामी होती.