आवडीची अळंबी आणि चोंबडा मोबाइल

भिवपुरीच्या डोंगराखालच्या वाडीत आवडीसारखी अळंबी कुणालाच सापडत नसे. श्रावणात ती भरली टोपली घेऊन कर्जतच्या बाजारात बसली, की बाकीच्या बायकांचा नुसता जळफळाट. जागा कुठली, ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नाही सांगितलं तेच बरं, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

अशा बाईला लेकीनं, रोहिणीनं, मोबाइल दिला. एकदा आवडी अळंबी घेऊन घरी आली, तर मेला टिंग करून वाजला. रोहिणीनं वाचलं.

"आये, इचारतोय, आत्ता गेलतीस ती जागा कशी वाटली? फोटो टाक म्हनतो."

आवडीनं टोपली पाठीमागं लपवली. "याला कुनी सांगितलं मी कुठं गेलते?"

"त्याला समदं कळतं गं. कुठं जातेस, काय बोलतेस."

झालं! तेव्हापासून आवडी घरात खुणांनी बोलायला लागली. रोहिणीनं मोबाइलची ती सोय बंद करून दिली, पण आवडीचा भरवसा कुठला बसायला? रानात निघताना तिनं मोबाइल तांदळाच्या डब्यात कोंबला, डब्यावर पाटा ठेवला आणि राखणीला सासूला बसवलं. "बोलला तर ध्यानात ठेवा," असं तिला बजावलं.

आणि आपल्या अळंबीच्या वारुळापाशी पोचते तर काय, शेजारची सुंदरा ओटी भरून अळंबी खुडत बसलेली!

आवडीला रडूच कोसळलं. एवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती. "फितवलास ना गं माझा मोबाइल?"

"मोबाइल कशाला फितवू?" सुंदरा म्हणाली. "अळंबीला बोट दाखवलं की कुजते, म्हनून आपन समद्या हनुवटीनं दाखवतो. काल तुला इचारलं, कुठं गावली गं? तू म्हनलीस, नाय सांगनार. आन् हनुवटी केलीस या टेकाडाकडं. मी आले नाकासमोर चालत."

आवडीनं झटकन पदरानं हनुवटी झाकली. पण राग आवरतोय कुठला! "घे ही तुला! माझी दुसरी जागा हाय, याच्याहून मोठी. ती तुझ्या बापाला नाय गावायची!"

पदराआडची हनुवटी ओढ्याकडं वळली होती. सुंदरानं ओटी खोचली आणि ओढ्याची वाट धरली.

दोन्ही हातांनी हनुवटी धरून आवडी तिच्या मागं पळत सुटली. "तिकडं नाय गं, तिकडं काय पन नाय!"