सतरा नंबरची ताटली

मी शिंपी. चाळीस वर्षं लोकांच्या गळ्याला टेप लावतोय आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने माझ्यासमोर नाक मुरडलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या तोंडाची बरीच शोभा होणार आहे.

माझी मुलगी दातांच्या कॉलेजात शिकते. घरात तिला भिंगरी म्हणतो. एका जागी बसेल तर शपथ. शेवटच्या वर्षाला तिला प्रबंध लिहायचा होता. विषय काय, तर दातांवर जो पिवळट थर साचतो त्यातले जंतू गुळण्यांच्या औषधाने किती मरतात. जगात एवढे विषय पडलेत, पण आमच्या बाईसाहेबांना नेमका हाच सापडला.

"बाबा, तीस माणसं हवीत. एकोणतीस झाली," ती एका संध्याकाळी म्हणाली. मी तेव्हाच ओळखलं, तिसावा बकरा कोण ते.

"काय करायचं?"

"चार दिवस ब्रश करायचा नाही. मी देईन त्या बाटलीने दोन वेळा गुळण्या करायच्या. पाचव्या दिवशी मी दातावरचा थर खरवडून घेणार."

"वेड लागलंय का तुला? दिवसभर लोकांच्या तोंडाशी तोंड असतं माझं!"

"तोंडाशी नाही, गळ्याशी."

"मग गळा काय तोंडापासून कोसभर लांब असतो?"

शेवटी हो म्हणालो. तिला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. निम्म्या बाटल्यांत औषध होतं आणि निम्म्यांत नुसतं रंगीत पाणी. कुणाच्या वाट्याला काय आलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती यादी तिच्या बाईंकडे पाकिटात बंद. मला मिळाली शेवटी उरलेली सतरा नंबरची बाटली आणि नियमांचा एक कागद. ब्रश नको, मंजन नको, दातकोरणं नको, दुसरं कुठलं औषध नको. मी कागद आरशाला चिकटवला आणि अक्षर न् अक्षर पाळलं. तिसऱ्या दिवशी दातांवरून जीभ फिरवली की अंगावर काटा यायचा, दुधावर साय धरावी तसं झालं होतं. पण शब्द म्हणजे शब्द.

पाचव्या दिवशी तिने थर खरवडला आणि काचेच्या ताटलीत, जंतूंच्या खाण्यावर पसरला. ताटल्या दोन दिवस उबदार कपाटात ठेवायच्या, की एकेका जंतूचा एकेक ठिपका उगवतो म्हणे.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली ती चेहरा एवढासा करून. चप्पलही काढली नाही, तशीच माझ्या मशीनपाशी येऊन बसली.

"बाबा, पाकीट उघडलं. औषधवाल्यांच्या ताटल्या जवळजवळ मोकळ्या, पाणीवाल्यांच्या गच्च भरलेल्या. सगळं ठीक. फक्त सतरा नंबरला पाणी होतं आणि त्या ताटलीत आठ ठिपके. आठ! बाई म्हणतात, तू ताटल्यांची अदलाबदल केलीस. एक बदलली असेल तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा? सगळं पहिल्यापासून करा म्हणतात. प्रबंध द्यायला पंधरा दिवस राहिलेत. वर्ष गेलं माझं."

आणि रडायला लागली. ही पोर पाच वर्षांची असल्यापासून माझी बटणं भोकांप्रमाणे वेगळी लावून ठेवते. ती ताटल्या बदलेल? माझं डोकंच फिरलं.

"ऊठ! मी बोलतो तुझ्या बाईंशी. समजतात काय स्वतःला!" मी खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, खिशातली डबी काढली आणि सवयीने एक लवंग तोंडात टाकली.

भिंगरीचं रडणं एकदम थांबलं.

"बाबा, तोंडात काय टाकलंत?"

"काय टाकणार? लवंग."

"त्या चार दिवसांतही खात होतात?"

"त्या चार दिवसांत तर दुप्पट! ब्रश नाही, मग गिऱ्हाइकांना काय बेशुद्ध पाडू?"

"अहो बाबा! लवंगेनेही जंतू मरतात!"

"मग कागदावर लिहायला काय झालं होतं?" मी ओरडलो. "ब्रश लिहिलास, मंजन लिहिलंस, लवंग कुठे लिहिलीस?"

ती माझ्या हातातल्या डबीकडे बघत राहिली. डबी काठोकाठ भरलेली होती.

ही डबी माझ्या बायकोची करामत. लग्नानंतर महिन्याभरातच तिने ती माझ्या खिशात घातली. "लोकांच्या एवढं जवळ जाता, तोंडाला वास नको. दोन जास्त घातल्यात हं," असं रोज सकाळी म्हणायची. ती गेली त्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी मी शर्ट घातला, तर डबी भरलेली. तेव्हापासून भिंगरी भरते. मी कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही.

"मीच भरली," ती हळूच म्हणाली. "चारही दिवस. आधी डबी भरली आणि मग तुमच्या हातात बाटली दिली."

मग ती हसायला लागली, मग परत रडायला लागली, आणि मलाही काय करावं ते कळेना.

बाईंनी ऐकून घेतलं, पण बाई पक्क्या. "लवंगेचं खरं असेल तर दाखवून द्या. तोच माणूस, तेच पाणी, लवंग नाही. ताटली भरली तर सतरा नंबरची हकीकत लिहून प्रबंध द्या. नाही भरली, तर तीसही माणसं पुन्हा."

चार दिवस नुसता ब्रश, लवंग बंद. मग पुढचे चार दिवस ब्रशही नाही, नुसत्या त्या रंगीत पाण्याच्या गुळण्या. रिकामी डबी खिशात होती, हात आपोआप तिकडे जायचा. दुकान बंद ठेवायचा विचार आला होता, पण वकीलसाहेबांचा कोट अडला होता. ते आले. मी तोंड गच्च मिटून, श्वास रोखून त्यांच्या गळ्याला टेप लावला. ते विचारतील त्याला नुसती मान हलवत होतो.

"मास्तर, माझं काही चुकलं का?" ते बिचारे घाबरून म्हणाले.

मी चार पावलं मागे गेलो आणि भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "तुमचं नाही हो साहेब. पोरीची परीक्षा आहे."

त्यांना काय कळलं देव जाणे. पण खरी भीती मला वासाची नव्हतीच. एवढं करून ताटली मोकळीच राहिली तर? मग चूक माझ्या लेकीची ठरणार होती. आयुष्यात पहिल्यांदा मी माझे दात घाण असू देत म्हणून देवाला हात जोडले.

दोन दिवसांनी तिने मला कॉलेजात बोलावलं. बाईंनी ताटली उजेडाकडे धरली. ठिपक्याला ठिपका चिकटलेला, मधे सुई टोचायला जागा नाही. बाईंनी मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली.

"छान आहे हो," बाई म्हणाल्या. "लिही, मुली. आणि पुढच्या वेळी कागदावर लवंगही घाल."

माझ्या तोंडातल्या घाणीचं असं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं. मी मान ताठ करून उभा राहिलो.

भिंगरीने ॲप्रनच्या खिशातून नवा कोरा ब्रश काढला आणि मला बेसिनपाशी ढकललं. मी दात घासत असताना तिने माझ्या खिशातली रिकामी डबी काढून घेतली, कागदाची पुडी सोडली, डबी भरली आणि परत खिशात घातली.

"दोन जास्त घातल्यात हं," ती म्हणाली.

मी वर आरशात बघितलं. तिचं लक्षही नव्हतं, ती झाकण बसलंय का ते खिशावरून चाचपत होती. तोंडात पेस्टचा फेस, हातात ब्रश, आणि मी त्या बेसिनपाशी उभा राहून चक्क रडलो.