सिग्नेच्या खोलीचं दार

माझा भाऊ प्रेबेन गवंडी आहे आणि हट्टी आहे. यातलं आधी काय झाला, हे आमच्या आईलाही सांगता आलं नसतं. त्याची बायको लवकर गेली. तेव्हा त्यांची लेक सिग्ने शाळेतसुद्धा जात नव्हती. तेव्हापासून तिच्या वेण्या घालायला, मोजे रफू करायला आणि प्रेबेनशी भांडायला मीच त्याच्या घरी जात असे.

तेराव्या वर्षी पोरीने आपल्या खोलीचं दार निळं रंगवलं आणि बापाला बजावलं, "टकटक केल्याशिवाय यायचं नाही. आणि मी 'ये' म्हटल्याशिवाय तर अजिबातच नाही." डेन्मार्कात सगळीच पोरं असं बजावतात आणि आईबाप आठवडाभर पाळतात. प्रेबेनने ते कायमचं मनावर घेतलं. दोनदा टकटक, जरा थांबायचं, मग आणखी एकदा. घराला आग लागली तरी तू आधी दार वाजवून उभा राहशील, असं मी त्याला चिडवायचे.

शिक्षण संपल्यावर सिग्ने वर्षभर केनियाला गेली, एका बालकाश्रमात शिकवायला. परत आली ती तिथलीच होऊन. माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून पाय हलवत म्हणाली, "आत्या, तिकडे एकेका पलंगावर तीन-तीन पोरं झोपतात गं. मी त्यांना घर बांधून देणार. प्रत्येकाला स्वतःची खोली. स्वतःचं दार."

"आणि पैसे कुठून आणणार? तुझा बाप तर पाव उरला की तोही वाळवून ठेवतो."

"बाबा बांधेल. तू पैसे आण."

त्याच हिवाळ्यात खाडीकाठच्या रस्त्यावर बर्फावरून तिची गाडी घसरली. याहून जास्त मला अजूनही बोलता येत नाही.

वसंतात प्रेबेन माझ्याकडे आला. तोवर तो माणसासारखं बोललाच नव्हता. टोपी न काढता म्हणाला, "टोवे, जुनी डेअरी रिकामी पडली आहे. तिथे दुकान टाक." मी टाकलं. गावाने घरातली अडगळ आणून द्यायची, आम्ही बायकांनी ती पुसून विकायची आणि पैसे सिग्नेच्या घराला. आमच्या गावाचा उत्साह असा, की लोक आपलीच कपबशी देऊन जात आणि पुढच्या वर्षी 'अगदी आमच्याकडे होती तशीच!' म्हणत विकत घेऊन जात. मी तोंड मिटून पैसे घ्यायचे. केक विकले, पोरांना मैदानाभोवती पळायला लावून दर फेरीमागे त्यांच्या आजोबांचे खिसे हलके केले. गावात सिग्नेवर जीव नव्हता असं घर नव्हतं.

थंडीत आमच्याकडे चुना गोठतो आणि गवंडी घरी बसतात. ते दिवस प्रेबेनने धरले. दर हिवाळ्यात तो तीन-चार गवंड्यांना घेऊन केनियाला जाई आणि भिंती चढवून येई. बारा खोल्या. प्रत्येकीत एक पलंग, एक खिडकी, एक दार. दुसऱ्या वर्षी सामानाचा कंटेनर जायचा होता, तेव्हा तो पेचकस घेऊन सिग्नेच्या खोलीपुढे उभा राहिला. निळं दार काढून न्यायचं त्याने ठरवलं होतं. मी जिन्यात होते. त्याला मी दिसले नाही. त्याने दोनदा टकटक केली, थांबला, आणखी एकदा केली. मग बिजागरीचा पहिला स्क्रू सोडवला. मी तशीच खाली जाऊन अंगणात रडले.

तिसऱ्या हिवाळ्यात छप्पर चढायचं होतं, म्हणून मीही गेले. वासे चढले की आढ्यावर हिरव्या डहाळ्यांचा तुरा बांधायचा आणि घरमालकाने गवंड्यांना बिअर पाजायची, ही आमची रीत. तुरा नाही तर घर नाही. मी सुरूच्या फांद्या वळून तुरा केला. प्रेबेनने तो स्वतः वर चढून बांधला. मग खाली उतरून त्याने मला सगळ्या खोल्या दाखवल्या. दारामागे खुंट्याही मारल्या होत्या, पोरांच्या उंचीच्या. पहिल्या खोलीला निळं दार होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्याचे दात दिसले.

आश्रम चालवणाऱ्या जेंट्रिक्सबाई अंगणात चहा घेऊन उभ्या होत्या. त्या त्याला 'सिग्नेचे बाबा' म्हणत. तिकडे आईबापांना मुलाच्या नावानेच हाक मारतात. आमच्या गावात तसं म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे, म्हणून मला त्या बाई फार आवडल्या होत्या. त्या दिवशी मात्र आवडल्या नाहीत.

"सिग्नेचे बाबा, बसा. जे सांगायचं आहे ते उभ्याने ऐकू नका."

"उभाच बरा आहे मी. बोला."

"आश्रम बंद होतोय. वरून, सरकारकडून सांगणं आलंय, ज्या पोरांना नातेवाईक आहेत त्यांनी घरी राहायचं. आणि खरं सांगू, मलाही तेच पटतं. इथल्या बहुतेकांना कुणी ना कुणी आहे. आजी आहे, मावशी आहे. घराला धड छप्पर नाही म्हणून पोरं माझ्याकडे आली. ज्यांना कुणीच नाही, ती माझ्या घरी राहतील."

प्रेबेनने हातात दिलेला कप खाली ठेवला. "मग हे मी काय कोंबड्यांसाठी बांधलं?"

"मागच्या वर्षीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही हो. तुम्ही खुंट्या मारत होता." त्यांनी भिंतीला रचून ठेवलेल्या कोऱ्या पत्र्यांकडे पाहिलं. "हे पत्रे जर त्या घरांवर गेले, तर पोरं या पावसाच्या आत आपापल्या घरी जातील. देणारे तुम्ही आहात. नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"नाही," प्रेबेन म्हणाला.

माझं डोकं फिरलं होतं. "बाई, गावाने ताटल्या पुसून-पुसून हे उभं केलंय," मी म्हणाले. "माझ्या पोरीचं नाव आहे यावर." त्या चहाचे कप गोळा करू लागल्या. त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं.

प्रेबेन तडक वळला आणि त्याने नेकेसाला हाक मारली. नेकेसा आठेक वर्षांची, चुणचुणीत, भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा घेऊन दिवसभर त्याच्या मागे फिरणारी. तीन हिवाळ्यांत तो तिकडची मोडकीतोडकी भाषा शिकला होता. मला जेंट्रिक्सबाई हळू आवाजात इंग्रजीत अर्थ सांगत होत्या. त्याने तिला निळ्या दारापाशी नेलं. मला वाटतं, पोरगी उड्या मारील आणि बाईंचं तोंड बंद होईल, असा त्याचा हिशोब होता.

"ही खोली तुझी," तो म्हणाला.

नेकेसा आत गेली. पलंगावर हात फिरवला. खुंटीला लोंबकळून पाहिलं. "आणि माझ्याबरोबर कोण झोपणार, बाबू?" आजोबाला तिकडे बाबू म्हणतात.

"कुणी नाही. सगळी तुझी एकटीची. दार लावून घ्यायचं, बस."

तिने पलंगाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "मी काय केलं?"

"म्हणजे?"

"माझं काय चुकलं, की मला एकटीला ठेवणार?"

प्रेबेन तिच्यासमोर उकिडवा बसला. आमच्याकडे जन्मलेल्या पोराला आधी खोली देतात, मग नाव. एकटं झोपायला मिळणं ही शिक्षा वाटू शकते, हे तीन वर्षांत आमच्या अख्ख्या गावात एकालाही सुचलं नव्हतं. सिग्नेलाही नाही. पोरं तीन-तीन झोपतात एवढं तिने पाहिलं होतं, आणि तिला त्यांची दया आली होती.

"काही नाही चुकलं बाळा," तो म्हणाला. "चुकलंच असेल तर माझं." आणि तो भिंतींमधून बाहेर पडून रस्त्याने चालू लागला. मी मागे गेले नाही. त्याला तेव्हा कुणी चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तो पत्रे ट्रॅक्टरवर चढत होते. प्रेबेन वर उभा राहून दोऱ्या आवळत होता.

"अरे, विचार केलास का नीट?"

"केला."

"मग सिग्नेचं घर?"

"टोवे, दोरी धर आणि गप्प बस."

मी दोरी धरली. गप्प मात्र बसले नाही. सगळ्या वाटेने बडबडत होते, कारण थांबले असते तर रडले असते. आमच्या गवंड्यांनी एकेका आजीच्या, मावशीच्या घरावर पत्रे ठोकले. प्रेबेन प्रत्येक छपरावर स्वतः चढला, वाकडा खिळा दिसला की ओरडला. इकडे सिग्नेच्या घराचे वासे उघडेच राहिले. वर माझा तुरा उन्हात तपकिरी होत होता. तो काढू का, असं मी विचारलं. "राहू दे," म्हणाला.

नेकेसाची आजी नदीपलीकडे राहायची. तिचं घर शेवटचं. मातीच्या भिंती चांगल्या होत्या, दाराच्या जागी मात्र पोतं लटकत होतं. प्रेबेनने छप्पर पुरं केलं, खाली उतरला आणि ट्रॅक्टरवरून, ताडपत्रीखालून, ते निळं दार काढलं. मला त्याने सांगितलंही नव्हतं. मी ओरडणार होते. ते दार तरी घरी परत न्यायचं, असं मी मनात धरून बसले होते. पण त्याने ते इतकं अलगद भिंतीला टेकवलं, की मी पुढे होऊन त्याची दुसरी बाजू धरली.

चौकट बसवायला दुपार गेली. दार नीट लागलं. आजीने ते तीन-तीनदा उघडून पाहिलं आणि हसून मला हाताला धरून आत बसवलं. आत एकच पलंग, त्यावर नेकेसाचं फडक्यात बांधलेलं सामान. आजीने चहा टाकला. नेकेसाने दार लावून घेतलं, आतून. मी तिला सांगणार होते की बाबू अजून बाहेर अवजारं गोळा करतोय.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दोनदा. मग जरा थांबून आणखी एकदा.

नेकेसा चुलीपाशी होती. मागे वळूनही न पाहता तिने हाक दिली, "ये की, बाबू!" एवढी भाषा मलाही कळत होती.

दार उघडलं नाही. मी वाट पाहिली, मग उठून उघडलं. प्रेबेन हात तसाच वर धरून उभा होता. हातोडी खाली मातीत पडली होती. आमच्या आईच्या मरणातही न रडलेला माझा भाऊ लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"टोवे," तो म्हणाला, "आतून उत्तर आलं गं."

त्याला आत येता आलं नाही. त्याच्या वाटणीचा चहा मी बाहेर नेऊन दिला.